पासष्ट दिवसांची बाजरी: एचएचबी 67 हा वाण कसा वाचवला

पश्चिम राजस्थानात पावसाळा किती दिवसांचा असतो, हे आधी पाहू. हवामान विभागाच्या जुन्या सरासरीप्रमाणे जैसलमेरकडे मान्सून जुलैच्या मध्याला पोचायचा आणि 1 सप्टेंबरपासून तिथून परतायला लागायचा. 2020 मध्ये या तारखा सुधारल्या. आता आगमन 8 जुलैच्या आसपास आणि परतीची सुरुवात 17 सप्टेंबर अशी धरतात. तरीही हिशेब दोन-सव्वादोन महिन्यांचाच राहतो. त्यातही पाऊस सलग पडत नाही. एक चांगली सर येते, पेरणी होते आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडे राहते. जमीन वाळूची, ओल धरून न ठेवणारी. अशा ठिकाणी नव्वद दिवसांचे पीक घेणे म्हणजे दाणा भरण्याच्या वेळी पाणी मिळणार नाही हे माहीत असताना पेरणे.

या पट्ट्यासाठी हिसारच्या हरियाणा कृषी विद्यापीठाने 1990 मध्ये एचएचबी 67 हा संकरित वाण दिला. याचे वैशिष्ट्य एकच होते, पण तेच सगळ्यात मोलाचे होते. पेरल्यापासून 62 ते 65 दिवसांत तो काढणीला येतो. बाजरीचे इतर संकरित वाण 75 ते 85 दिवस घेतात. हे दहा-वीस दिवस म्हणजे शेवटच्या पावसाच्या आत दाणा भरतो की नाही, इतका फरक. शिवाय शेत लवकर मोकळे होते आणि उरलेल्या ओलीवर मोहरी किंवा हरभरा घेता येतो. उत्पन्नाच्या स्पर्धेत एचएचबी 67 पहिला आला नसता. ओलिताच्या जमिनीवर उशिरा येणाऱ्या वाणांनी त्याला सहज मागे टाकले असते. पण कोरडवाहू शेतकऱ्याने तो उचलला आणि काही वर्षांत हरियाणा-राजस्थानच्या लाखो हेक्टरांवर तो पसरला.

त्यानंतर त्यावर गोसावी रोग दिसू लागला. या प्रकरणाचा विषय तोच आहे: चांगला चालणारा, लोकांनी आपला म्हटलेला वाण रोगाला बळी पडू लागला, तेव्हा तो टाकून नवा न आणता त्यातली नेमकी उणीव कशी भरून काढली. पीक-पैदाशीची चर्चा बहुतेक वेळा नव्या वाणांभोवती फिरते. जुना वाण जसाच्या तसा ठेवून त्याचा एक कमकुवत सांधा बदलणे हे काम कमी दिसते, पण कोरडवाहू शेतकऱ्यासाठी ते नव्या वाणाच्या तोडीचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

गोसावी काय करतो

महाराष्ट्रातल्या बाजरीवाल्यांना हा रोग नव्याने सांगायला नको. कोणी केवडा म्हणते, कोणी गोसावी. रोपाची पाने पिवळट-फिकट पडतात. पहाटे, दव असताना पान उलटून पाहिले तर खालच्या बाजूला पांढरी बुरशीची लव दिसते. ऊन चढले की ती वाळून जाते, म्हणून दहा वाजता शेतात जाणाऱ्याला ती सापडत नाही. रोप जगले तर कणसात दाण्यांच्या जागी हिरव्या पानांसारखे गुच्छ येतात. अशा कणसातून खाण्यासारखे काही निघत नाही.

रोग घडवणाऱ्या जीवाचे नाव स्क्लेरोस्पोरा ग्रॅमिनिकोला. तो दोन वाटांनी जगतो. एक वाट जमिनीतली: जाड कवचाचे बीजाणू कुजलेल्या पानांतून मातीत जातात आणि काही वर्षे तिथे टिकतात. दुसरी वाट हवेतली: दमट, गार रात्री पानाच्या खालच्या बाजूला लाखो नाजूक बीजाणू तयार होतात आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतात जातात. पेरणीआधी बियाण्याला किलोमागे 6 ग्रॅम मेटॅलॅक्झिल हे बुरशीनाशक चोळले की सुरुवातीचे काही आठवडे संरक्षण मिळते. पण ज्या शेतकऱ्याकडे दुबार पेरणीच्या बियाण्यालाही पैसे नसतात, त्याने दरवर्षी औषधावर भिस्त ठेवावी ही अपेक्षा मला योग्य वाटत नाही. प्रतिकारशक्ती बियाण्यातच असायला हवी.

संकरित वाण या रोगापुढे लवकर का पडतो, याचे कारण त्याच्या एकसारखेपणात आहे. गावरान बाजरी परपरागीकरणाची. कणसावर आधी कुक्षी बाहेर येतात आणि दोन-तीन दिवसांनी परागकोश, म्हणून शेजारच्या झाडाचे परागकण आपोआप बसतात आणि शेतातले प्रत्येक झाड थोडे वेगळे निघते. रोगाला त्यातली काही झाडे सापडतात, काही सापडत नाहीत. एका मादी ओळीचा आणि एका नर ओळीचा (ओळ म्हणजे पिढ्यानपिढ्या एकसारखी जपलेली झाडे) संकर केला की शेतातली सगळी झाडे जनुकांच्या दृष्टीने सारखी. रोगजंतूच्या एखाद्या प्रकाराला एका झाडाची किल्ली मिळाली की साऱ्या शेताची मिळाली. आणि हा रोगजंतूही लैंगिक पुनरुत्पादनातून सतत बदलत असतो.

भारताने याची किंमत एकदा मोजलेली आहे. पहिला संकरित वाण एचबी 1 लुधियानाहून 1965 मध्ये आला. दिलबागसिंग अठवाल यांनी तो तयार केला होता. त्याची मादी ओळ टिफ्ट 23ए अमेरिकेतल्या जॉर्जियातल्या टिफ्टनची, ग्लेन बर्टन यांनी घडवलेली. त्यानंतरच्या एचबी 3 मध्येही मादी तीच होती. दोन्ही वाणांनी देशभर उत्पादन वाढवले. 1970-71 मध्ये देशाचे बाजरी उत्पादन सुमारे 80 लाख टनांवर गेले. पुढच्याच हंगामापासून एचबी 3 वर गोसावीचा कहर सुरू झाला आणि आकडा झपाट्याने घसरला. 1972 चा दुष्काळही त्यात होता, सगळा दोष रोगावर टाकता येणार नाही. पण एकाच मादीच्या लेकी साऱ्या देशात पेरल्यावर काय होते, ते त्या वर्षांनी दाखवले. मादी ओळीला नर-वंध्यत्व, म्हणजे परागकण न देण्याचा गुण, देणारा पेशीद्रवच (पेशीतला केंद्रकाबाहेरचा भाग) रोगाला कारण असावा, अशी शंका तेव्हा घेतली गेली. अमेरिकेत 1970 मध्ये मक्याच्या बाबतीत तसेच घडले होते. बाजरीत मात्र पुढच्या अभ्यासांत ती शंका खरी ठरली नाही. दोष पेशीद्रवात नव्हता, ओळीच्या स्वतःच्या जनुकांत होता. हा फरक महत्त्वाचा, कारण जनुके बदलता येतात.

दोन पालक, दोन दुरुस्त्या

एचएचबी 67 ची आई 843ए. ही नर-वंध्य ओळ अमेरिकेतल्या कॅन्ससहून आलेल्या साहित्यातून निवडलेली. लवकर फुलणारी, ठसठशीत दाण्याची. बाप एच 77/833-2 हिसारचा. त्याचे मूळ वायव्य भारतातल्या गावरान बाजरीत आहे. त्याला भरपूर फुटवे येतात आणि उन्हाने तापलेल्या वाळूत त्याचे रोप तग धरते. एका बाजूने अमेरिकेतून फिरून आलेली ओळ, दुसऱ्या बाजूने थरच्या वाळवंटाच्या काठावरची. दोन्ही मिळून 65 दिवसांचे पीक. दोघेही गोसावीला दुबळे.

दोघांना प्रतिकारशक्ती द्यायची तर ती कुठून तरी आणायला हवी. हैदराबादजवळ पाटणचेरूला असलेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जनुक बँकेत बाजरीचे वीस हजारांहून अधिक नमुने शीतगृहात ठेवलेले आहेत, पन्नासच्या आसपास देशांतून जमवलेले. त्यांच्यातून आणि त्यांच्यापासून घडवलेल्या ओळींतून पैदासकारांना देणगीदार, म्हणजे हवा तो गुण देणाऱ्या ओळी, मिळतात. या प्रकरणात आईसाठी आयसीएमएल 22 आणि बापासाठी आयसीएमपी 451 निवडली.

आयसीएमपी 451 हे नाव महाराष्ट्रातल्या जुन्या बाजरी उत्पादकांनी कधी ऐकले नसेल, पण तिचे पीक त्यांनी काढले आहे. 1986 मध्ये प्रसारित झालेल्या एमएच 179 या संकरित वाणाची ती नर ओळ. एमएच 179 आपल्याकडे त्या काळी मोठ्या क्षेत्रावर होता. त्याची मादी 81ए पुन्हा टिफ्ट 23 च्याच बुटक्या भावंडाला किरणोत्सर्ग देऊन त्यातून निवडलेली होती. पुढे एमएच 179 वरही गोसावी दिसू लागला. मग पडलेल्या वाणाचा बाप दुसऱ्याला वाचवायला कसा घेतला, असा प्रश्न कोणालाही पडेल. प्रतिकारशक्ती ही हो-नाही अशी एकच गोष्ट नसते. ती अनेक जागांवरच्या जनुकांची मिळून होते आणि प्रत्येक जागा रोगजंतूच्या काही प्रकारांवर चालते, काहींवर चालत नाही.

हे प्रयोगाने दाखवले गेले ते वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात. जिथे बाजरी पिकतच नाही तिथे भारत, नायजेरिया, नायजर आणि सेनेगल इथले रोगजंतू शेजारी-शेजारी काचघरात वाढवले तरी शेतीला धोका नव्हता. जॉन विटकोम यांच्या गटाने तिथे एकाच संकराची संतती चारही देशांच्या रोगजंतूंपुढे ठेवली. भारताच्या रोगजंतूविरुद्ध गुणसूत्रांवरच्या ज्या जागा कामी आल्या, त्या आफ्रिकेतल्या रोगजंतूंविरुद्धच्या जागांहून बऱ्याच अंशी वेगळ्या निघाल्या. 1995 मध्ये हे प्रसिद्ध झाले. तेव्हापासून बाजरीच्या पैदाशीत केवळ 'रोगप्रतिकारक' एवढे म्हणून भागत नाही. कुठल्या गावच्या गोसावीला, हे विचारावे लागते.

मार्करने नेमके काय केले

या जागा शोधायला आधी नकाशा लागतो. बाजरीत गुणसूत्रांच्या सात जोड्या. नॉर्विचच्या जॉन इनिस सेंटरमध्ये माइक गेल यांच्या गटाने 1994 मध्ये बाजरीचा पहिला रेणवीय नकाशा प्रसिद्ध केला. डीएनएवरच्या ठरावीक खुणा, म्हणजे मार्कर, कुठल्या गुणसूत्रावर कुठल्या क्रमाने येतात ते त्यावर होते. ब्रिटिश सरकारच्या विकास निधीतून हे काम चालले. इक्रिसॅटमध्ये टॉम हॅश यांनी ते शेतातल्या पैदाशीला जोडले आणि हिसारचे पैदासकार त्यात बरोबरीने होते.

बॅकक्रॉसची रीत जुनी आहे. ज्या ओळीला सुधारायचे तिचा देणगीदाराशी संकर करायचा. संततीत निम्मा वाटा देणगीदाराचा येतो. तिला पुन्हा मूळ ओळीशी संकरित केले की मूळचा वाटा सरासरी 75 टक्के होतो, आणखी एकदा केले की 87.5, पुन्हा केले की 93.75. प्रत्येक पिढीत प्रतिकारशक्ती असलेली झाडे तेवढी पुढे न्यायची. शेवटी हातात मूळ ओळच उरते, फक्त तिच्यात एक तुकडा नवा असतो.

ऐकायला सरळ वाटते. शेतात ते अवघड का होते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. गोसावीची चाचणी अशी करतात: कुंड्यांत बी पेरतात आणि पहिले पान फुटण्याच्या सुमाराला रोपांवर ताज्या बीजाणूंचे पाणी फवारतात. हे बीजाणू आदल्या रात्री रोगट पानांवर तयार करवून घेतलेले असतात, कारण ते काही तासच जगतात. मग 20 अंश तापमानाच्या, ओल्याचिंब, अंधाऱ्या खोलीत कुंड्या रात्रभर ठेवायच्या आणि नंतर काचघरात न्यायच्या. सुमारे दोन आठवड्यांनी किती रोपे रोगट झाली ते मोजायचे. एखादे रोप नुसत्या नशिबाने वाचू शकते. बीजाणूचा थेंब त्याच्यावर पडला नाही, एवढेच कारण पुरते. अशा एकेका रोपावर विश्वास ठेवून पुढची पिढी उभी केली तर चुकीचे रोप निवडले जाते आणि दोन वर्षे वाया जातात. दुसरी अडचण अधिक खोल आहे. रोप निरोगी राहिले तर त्यात प्रतिकाराची एक जागा आहे की दोन, हे रोग सांगू शकत नाही. दोन्ही जागा एकत्र आणायच्या असतील तर डोळा आणि काचघर दोन्ही थिटे पडतात.

मार्कर इथे कामी आला. कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा घेऊन डीएनए काढायचा आणि प्रतिकाराच्या जागेला चिकटून असलेली खूण त्यात आहे का ते पाहायचे. रोग असो वा नसो. एका जागेसाठी पाहिले तर बॅकक्रॉसच्या 40 रोपांत साधारण 20 रोपे कामाची, दोन जागा हव्या असतील तर 10. त्या 10 मधून देणगीदाराचा इतर कचरा सर्वात कमी असलेले रोप बाकीच्या गुणसूत्रांवरच्या खुणांनी ओळखायचे. फुलोऱ्याआधीच हे समजत असल्याने त्याच रोपावर त्याच हंगामात पुढचा संकर करता येतो. बाजरी लवकर येणारी असल्याने पाटणचेरूच्या हवेत वर्षात एकाहून अधिक पिढ्या निघतात. सुरुवातीचे मार्कर किरणोत्सारी खुणा लावून वाचावे लागत. हे काम संथ, खर्चिक आणि हातांना शिस्त लागणारे होते. पुढे पीसीआरवर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढण्याच्या तंत्रावर, चालणारे मार्कर आले आणि काम हलके झाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण या वाणाबद्दल बोलताना ती बऱ्याचदा गळते. मार्करचा वापर झाला तो प्रामुख्याने बापावर. एच 77/833-2 मध्ये आयसीएमपी 451 चा प्रतिकार मार्कर पाहून उतरवला आणि नवी ओळ एच 77/833-2-202 झाली. आई 843 मात्र जुन्या पद्धतीनेच सुधारली. आयसीएमएल 22 शी संकर, बॅकक्रॉस आणि काचघरातली रोगचाचणी. त्यातही आईचे काम दुप्पट असते, कारण नर-वंध्य ए ओळीला स्वतःच्या परागाने दाणा धरता येत नाही. आधी तिची जोडीदार 'बी' ओळ, म्हणजे तिच्यासारखीच पण परागकण देणारी ओळ, सुधारायची आणि मग त्या नव्या बी ओळीने ए ओळीला पिढ्यानपिढ्या परागित करून तिला नवे रूप द्यायचे. तेव्हा 843-22 ही नवी मादी तयार झाली. भारतात मार्करच्या मदतीने घडलेला आणि शेतात गेलेला पहिला वाण म्हणून एचएचबी 67 इम्प्रूव्हडचे नाव घेतात. ते योग्यच आहे. पण त्याचा निम्मा भाग काचघराच्या चाचणीवर उभा आहे. चाचणी चालवणारे रोगशास्त्रज्ञ नसते तर मार्कर कुठल्या जागेला लावायचा हेही कळले नसते.

सर्वात मोठी भीती: दिवस वाढण्याची

या सगळ्यात रोगाहून मोठी भीती वेगळीच होती. आयसीएमपी 451 हिसारच्या बापाइतकी लवकर येणारी नव्हती. तिच्याकडून प्रतिकाराची जागा घेताना शेजारचा गुणसूत्राचा तुकडाही ओढला जातो. त्या तुकड्यात फुलोरा लांबवणारे काही असेल तर वाण निरोगी होईल पण 65 दिवसांऐवजी 72 दिवसांचा होईल. 72 दिवसांचा निरोगी वाण बाडमेरच्या शेतकऱ्याच्या उपयोगाचा नाही. त्याला सप्टेंबरात शेंड्यावर कोरडे कणीस मिळेल.

म्हणून या प्रकल्पाचे यश मोजायची पट्टी उलटी होती. साधारणपणे नवा वाण जुन्यापेक्षा वेगळा दिसला पाहिजे. इथे नव्याने जुन्यासारखेच दिसायला हवे होते: तितक्याच दिवसांत फुलोरा, तेच फुटवे, तोच दाणा, तेवढेच सरमाड. राजस्थानात बाजरीचे सरमाड म्हणजे गुरांचा वर्षाचा चारा. दाणा वाढून चारा घटला तर शेतकरी ते वाण टाकतो. हा हिशेब महाराष्ट्रातल्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही समजावून सांगावा लागत नाही.

बीजोत्पादनाच्या दृष्टीनेही दिवस जुळणे गरजेचे होते. संकरित बाजरीचे बी तयार करताना मादीच्या चार रांगांना नराच्या दोन रांगा लावतात आणि आसपास 200 मीटरपर्यंत दुसरी बाजरी नको असते. मादीच्या कुक्षी बाहेर येतील तेव्हा नराचे परागकण झडत असले पाहिजेत. एकाचा फुलोरा तीन-चार दिवस पुढे-मागे झाला तर कणसे रिकामी राहतात आणि बीजोत्पादकाचे नुकसान होते. जुन्या पालकांचा हा मेळ बीजोत्पादकांच्या अंगवळणी पडलेला होता. नव्या पालकांनी तो मोडला नाही, म्हणून बियाण्याची साखळी विनासायास नव्या वाणाकडे वळली.

2005 मध्ये एचएचबी 67 इम्प्रूव्हड प्रसारित झाला. नाव जवळपास तेच ठेवले, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. शेतकऱ्याला दुकानात जाऊन वेगळे काही मागावे लागले नाही, बियाणे विक्रेत्याला त्याला पटवावे लागले नाही. पुढच्या सात-आठ वर्षांत त्याचे क्षेत्र सात लाख हेक्टरांच्या पुढे गेले. सरकारी संस्था आणि खासगी कंपन्या दोघांनीही त्याचे बी काढले.

जे सुटले नाही

या यशाला एक बाजू आहे जी मला अस्वस्थ करते. सात लाख हेक्टरांवर पुन्हा एकच आई आणि एकच बाप. 1971 मध्ये जे घडले त्याची पूर्वअट पुन्हा जमलेली आहे. फरक एवढाच की या वेळी पाळत ठेवणारी यंत्रणा आहे. जालना, जोधपूर, बाडमेर, जामनगर, बनासकांठा अशा ठिकाणांहून गोसावीचे नमुने पाटणचेरूला आणून ते जिवंत रोपांवर जपून ठेवतात, कारण हा जीव कृत्रिम खाद्यावर वाढत नाही. त्यांच्यापुढे वाणांची आणि पालक ओळींची परीक्षा होते. जालन्याचा नमुना तिथल्या कामात वर्षानुवर्षे वापरला जातो. मराठवाड्याच्या शेतातला रोग राजस्थानच्या वाणाची परीक्षा घेण्याच्या कामी येतो, हे आपल्याकडच्या किती जणांना ठाऊक असेल?

प्रतिकारशक्तीच्या एकाच जागेवर भिस्त ठेवता येत नाही, हे पुढच्या टप्प्यात स्पष्ट झाले. म्हणून बापाच्या ओळीत एकाहून अधिक जागा एकत्र करण्याचे काम चालू राहिले आणि त्यातून एचएचबी 67 इम्प्रूव्हड 2 आला. याही वेळी वाण तोच, फक्त प्रतिकार अधिक भक्कम.

दरम्यान दुसराच रोग पुढे आला आहे. करपा. पूर्वी बाजरीत त्याला कोणी फार मोजत नसे. आता पानांवर करड्या मध्याचे, गडद कडांचे लांबट ठिपके अनेक राज्यांत दिसतात आणि सरमाडाची प्रत घसरते. एचएचबी 67 इम्प्रूव्हडला करप्यापासून संरक्षण नाही, कारण ते त्यात कधी घातलेच नव्हते. मार्करने जे निवडले तेच येते. ज्याचा विचार केला नव्हता ते येत नाही.

दुष्काळाबाबत तर मार्करकडून माफकच अपेक्षा ठेवावी, असे मला वाटते. याच बापावर, एच 77/833-2 वर, शेवटच्या टप्प्यातला पाण्याचा ताण सहन करण्याची जागा शोधण्याचेही काम झाले. पीआरएलटी 2/89-33 या ओळीकडून आलेली, दुसऱ्या गुणसूत्र-गटावरची एक मोठी जागा त्यात सापडली. विज्ञान म्हणून ते भक्कम आहे. पण तहान हा गोसावीसारखा एक शत्रू नाही. कधी पेरणीनंतर लगेच पाऊस थांबतो, कधी फुलोऱ्यात, कधी दाणा भरताना, आणि प्रत्येक वेळी झाडाला वेगळे काही करावे लागते. आजवर राजस्थानच्या शेतात दुष्काळापासून सर्वात जास्त वाचवणारा गुण म्हणजे लवकर येणे हाच आहे.

2017 मध्ये बाजरीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. योगायोगाने, त्यासाठी वाचलेली मुख्य ओळ टिफ्ट 23 च्याच घराण्यातली होती. सोबत 994 ओळींचा डीएनएही वाचला गेला, त्यात गावरान आणि रानटी बाजरी होती. आज मार्कर शोधायला 1990 च्या दशकासारखी वर्षे लागत नाहीत. वेळ लागतो तो पुढच्या कामाला: देणगीदार ओळखणे, चाचणी घेणे, दिवस न वाढू देता तुकडा उतरवणे, ए ओळ रूपांतरित करणे, बीजोत्पादन बसवणे. या पायऱ्यांवर माणसे आणि पैसा कमी पडला तर जनुकसंचाच्या माहितीचा शेतात उपयोग होत नाही.

महाराष्ट्राचा याच्याशी असलेला संबंध फक्त जालन्याच्या रोगापुरता नाही. आपल्याकडे 2012 मध्ये धनशक्ती हा जास्त लोह असलेला वाण आला. त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोच्या इनियादी नावाच्या गावरान बाजरीत आहे. ठसठशीत दाणा आणि लवकर येणे हे गुण तिथले. आपण नाशिक, अहिल्यानगर, बीड, धुळे या पट्ट्यात बाजरी म्हणून जे पेरतो त्यात टोगो, जॉर्जिया, कॅन्सस आणि थर या सगळ्यांचे धागे आहेत.

मात्र दुकानातल्या पिशव्यांवर ते दिसत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची दहा नावे पाहून शेतकऱ्याला वाटते की आपल्याकडे दहा प्रकारची बाजरी आहे. 81ए मादीच्या काळात तसे नव्हते. नावे अनेक होती, आई तीच होती, आणि तिचा प्रतिकार ढासळला तेव्हा नावे बदलून काही उपयोग झाला नाही. खासगी संकरित वाणांचे पालक गुपित असतात आणि व्यापाराच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. पण प्रसारणाच्या वेळी निदान एवढी माहिती जाहीर व्हायला काय हरकत आहे: मादी कुठल्या घराण्यातली, प्रतिकार कुठल्या देणगीदाराचा आणि तो जालन्याच्या नमुन्यापुढे तपासला आहे की नाही? जिल्हा कृषी अधीक्षकाकडे ही यादी असली तर एखाद्या तालुक्यात एकाच आईची बाजरी किती टक्के क्षेत्रावर आहे, हे पेरणीआधी सांगता येईल. पाऊस लांबला की आपत्कालीन नियोजनात जुलैच्या अखेरीपर्यंत बाजरीही पेरायला सांगतात. त्या वर्षी सगळ्यांना एकच लवकर येणारा वाण द्यायचा की वेगवेगळ्या पालकांचे दोन-तीन वाण वाटायचे, हे मग या यादीवरून ठरवता येईल.